माळाचं ज्ञान त्यांचं, निर्णय मात्र आपला

सोलापूर जिल्ह्याला जंगल नाही, हे सोलापूरकर जितक्या ठामपणे सांगतो तितक्या ठामपणे तो दुसरं काही सांगत नाही. शेंगाचटणीचा अपवाद सोडला तर. त्यामुळे निसर्गाचं पारंपरिक ज्ञान, मूळ रहिवाशांचं नेतृत्व असा विषय निघाला की आपली मान आपोआप गडचिरोलीकडे नाहीतर मेळघाटाकडे वळते. ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिनाच्या शुभेच्छा मोबाइलवर फिरतात. त्यातल्या चित्रात हिरवंगार रान, धबधबा आणि धनुष्यबाण असतो. बार्शी रोडने वीसेक किलोमीटर गेलं की नान्नजचा माळ लागतो. तिथं यातलं काहीच नाही, म्हणून तो आपल्या हिशेबातही नाही.

माझं म्हणणं असं आहे की नान्नज, मार्डी, अकोलेकाटी, कारंबा, गंगेवाडी या पट्ट्यातला माळ ही जंगलाइतकीच अस्सल निसर्गव्यवस्था आहे, आणि ती ओळखणारी माणसं आपल्याच जिल्ह्यात आहेत. धनगर आहेत, पारधी आहेत. त्यांच्या ज्ञानाचं कौतुक आता खूप झालं. परिसंवादात होतं, घोंगडी पांघरून सत्कार होतो, फोटो निघतो. पण गायरानावर काय उभं राहणार, माळावर झाडं लावायची की नाही, कुंपण कुठून घालायचं, हे ठरवणाऱ्या टेबलाशी यातलं कुणीही नसतं. निर्णयाचा अधिकार न देता दिलेला मान फुकटचा असतो, आणि फुकटचा मान द्यायला आपण मागेपुढे पाहत नाही.

एक गोष्ट आधीच मोकळी करतो. धनगर आदिवासी आहेत की नाहीत, हा आरक्षणाचा वाद इथे नाही. महाराष्ट्रात फासेपारधी अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत, धनगर नाहीत, आणि ती लढाई वेगळ्या मैदानावर चालू आहे. मूळ रहिवाशांच्या हक्कांच्या जाहीरनाम्याला २००७ साली संयुक्त राष्ट्रांत भारताने पाठिंब्याचं मत दिलं, आणि त्याच वेळी आपल्याकडे सगळेच मूळ रहिवासी आहेत अशी भूमिकाही घेतली. म्हणजे घोषणेला होकार आणि ती लागू कुणाला, याचं उत्तर मोघम. माझ्यापुरता निकष सोपा आहे: पिढ्यान् पिढ्या या माळावर पोट असलेला, आणि माळ बिघडला तर ज्याचं आधी बिघडतं तो.

आता माळाबद्दल. आपल्याकडे पाऊस वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर, तोही लहरी. मुरमाड जमिनीवर मातीचा थर वीतभर. अशा ठिकाणी निसर्गतः दाट झाडी येत नाही, गवत येतं. पवन्या, मारवेल, कुसळी, हराळी. मधेच एखादं हिवर, बोर, तरवडाची झुडपं. त्यात काळवीट, लांडगा, खोकड, चंडोल, धाविक आणि हिवाळ्यात दुरून येणारे भोवत्ये. हे सगळे उघड्या रानाचे रहिवासी आहेत. त्यांना झाडांची सावली नको, लांबवर दिसणारं मोकळं रान हवं.

इथे पूर्वी घनदाट अरण्य होतं, माणसाने ते तोडलं आणि उरला तो माळ, अशी एक लाडकी समजूत आहे. शाळेत आम्हालाही तेच शिकवलं. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोन संशोधकांनी जुनं मराठी साहित्य, लोककथा आणि ओव्या चाळून त्यात कोणकोणती रानझाडं येतात ते तपासलं. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा की पश्चिम महाराष्ट्रातले हे माळ निदान साडेसातशे वर्षं तरी माळच आहेत. मला त्यात गंमत ही वाटते की पुरावा आपल्याच घरात होता. मंगळवेढ्याची कान्होपात्रा पंढरपूरला विठ्ठलाच्या पायाशी गेली आणि तिथे तरटीचं झाड उगवलं, ही कथा या जिल्ह्यात कुणाला माहीत नाही? तरटी हे दाट अरण्यातलं झाड नव्हे. उघड्या, कोरड्या रानातलं ते काटेरी झाड. लोकांनी देवळाच्या कथेतही आपल्या माळावरचंच झाड लावलं. खुद्द विठोबाचं मूळ गुराख्या-धनगरांच्या दैवतात शोधणारे अभ्यासक आहेतच.

सरकारी दप्तराला मात्र माळ दिसतो तो रिकामा. ब्रिटिशांच्या महसुली व्यवस्थेत ज्या जमिनीवर सारा नाही ती वाया गेलेली जमीन. तोच हिशेब आपण पुढे चालवला. देशाचा पडीक जमिनींचा नकाशासंग्रह निघतो, त्यात झुडपी जमीन आणि चराऊ रान हेही पडीकच्याच रकान्यात पडतं. एकदा पडीक म्हटलं की ती सुधारायची घाई होते, आणि सुधारणा म्हणजे झाडं लावणे. २०१६ पासून राज्यात वृक्षलागवडीची मोहीम झाली: आधी दोन कोटी, मग चार, मग तेरा, आणि २०१९ ला तेहतीस कोटींचं लक्ष्य. इतके खड्डे खणायला जागा कुठली सापडणार? माळच. त्याच्याही कितीतरी आधी नान्नजच्या परिसरात वनखात्याने गिरिपुष्पाची लागवड केली होती. माळढोक या माळावरच्या मोठ्या, दुर्मीळ पक्ष्याच्या अधिवासात, त्याला नको असलेली झाडं! पुढे ती काढण्याची वेळ आली. झाड लावणं हे पुण्यकर्म असल्यामुळे चुकीच्या जागी लावलेलं झाडही आपल्याला चूक वाटत नाही, ही आपली अडचण आहे. गवत कार्बन साठवतं ते मुख्यतः जमिनीखाली, मुळांत आणि मातीत. ते फोटोत येत नाही.

मेंढपाळाला हे सांगावं लागत नाही. पावसाळा सरता सरता मार्डीच्या अंगाला एक वाडा, म्हणजे मेंढपाळांचा फिरता तळ, उतरला होता. दोनतीनशे मेंढरं, सामान वाहायला घोडी, दोन कुत्री, रात्री मेंढरांभोवती लावायची दोरीच्या जाळीची वाघर गुंडाळून ठेवलेली. समोर कमरेएवढं गवत वाऱ्यावर हलत होतं आणि कळप मात्र उलट्या दिशेच्या तोकड्या गवतात चरत होता. एवढं गवत सोडून इकडे का, असं विचारल्यावर म्हातारबाबा माझ्याकडे असं बघू लागले की मला कुणी शहरातून चुकून सोडलंय. "तिकडं कुसळं झाल्यात की ओ सर. अंगात घुसत्यात, तोंडात घुसत्यात. ती पडू द्या खाली, मग बघू." बाजूला त्यांच्या घरच्या बाई एका कोकराचा जबडा दोन बोटांनी उघडून आतलं कुसळ ओढून काढत होत्या. एक काढलं, जिभेखाली बोट फिरवलं, आणखी एक निघालं. कोकरू ओरडलं आणि आईकडे पळालं.

यात काय झालं ते बघा. कुसळीचं बी पक्व असताना कळप तिकडे जात नाही, म्हणून बी जमिनीवर पडतं. ते पडल्यावर कळप येतो, वाळलं गवत खातो, खुरांनी बी मुरमात दाबतो, लेंड्या टाकतो आणि पुढे जातो. पहिल्या पावसात कोवळी कुसळी फुटते तेव्हा ती उत्तम चारा असते. त्या वेळी परत येतो. आलटून पालटून चराई म्हणून परदेशी पुस्तकांत जे छापलेलं असतं ते हेच. फक्त इथे त्याला आराखडा नाही आणि अनुदान नाही. बाबांनी हे गवताच्या भल्यासाठी केलं असा माझा दावा नाही. त्यांनी मेंढराच्या भल्यासाठी केलं. पण मेंढराचं भलं आणि गवताचं भलं ज्याच्या हिशेबात एकत्र बसतं तो गवत संपू देत नाही, आणि माझ्या मते पारंपरिक ज्ञानाची ताकद तिथे आहे. त्यात साधुत्व शोधायची गरज नाही.

हाच वाडा पुढे शेतकऱ्याच्या रानात बसतो. एकेका रात्रीचा मोबदला ठरतो, पूर्वी धान्यावर, आता बहुधा रोख. लेंडीखत आणि मूत थेट जमिनीत जातं. रासायनिक खताच्या पोत्याचा भाव वाढला की शेतकऱ्याला धनगराची आठवण येते, आणि कुंपणाला तारा लागल्या की वाट बंद करणाराही तोच असतो.

कुणी म्हणेल, चराईने माळ उजाड होतात, हे डोळ्यांना दिसतं. दिसतं, खरं आहे. गायराने आक्रसली, वाटा अडल्या, उरलेल्या तुकड्यावर सगळ्या गावची जनावरं आली की तो तुकडा खरवडला जाणारच. पण म्हणून चराई बंद केली की निसर्ग बहरतो, हा निष्कर्ष चुकीचा आहे आणि देशाने तो एकदा महागात शिकलाय. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८२ साली जनावरांना एकदम बंदी घातली. लोक चिडले, पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. त्यानंतर बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने अनेक वर्षं अभ्यास केला, तर दिसलं असं की म्हशी चरायच्या थांबल्याने पाण्यातलं गवत बेसुमार वाढलं आणि पक्ष्यांची पाणथळ जागाच गुदमरली. गावकरी आधीपासून तेच सांगत होते. त्यांचं म्हणणं त्यांनी इंग्रजीत लिहून दिलेलं नव्हतं, एवढाच काय तो फरक.

आपल्या माळढोक अभयारण्याची गोष्ट वेगळी, पण त्याच कुळातली. १९७९ साली ते जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्र होतं साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर मिळून तालुकेच्या तालुके त्यात आले. गावं, बाजार, कारखाने, उसाचे मळे, सगळं. कागदावर जगातल्या मोठ्या अभयारण्यांत शोभेल असा आकार, आणि प्रत्यक्षात शेतकऱ्याला जमीन विकताना, कर्ज काढताना, बांधकाम करताना जागोजागी खोळंबा. करमाळ्यात, माढ्यात माळढोक या पक्ष्याचं नाव शिवीसारखं उच्चारलेलं मी ऐकलंय. शेवटी सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने क्षेत्र कमी होऊन सव्वाबाराशे चौरस किलोमीटरच्या घरात आलं. मधल्या तीस वर्षांत पक्षी गेला. माळढोकाची मादी बहुधा वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. त्याला समोरचं नीट दिसत नाही, विजेच्या तारांवर तो आदळतो. उजनीचं पाणी आलं तशी ज्वारी, करडई, भुईमुगाची रानं उसाखाली गेली आणि पडीक ठेवायच्या पट्ट्या संपल्या. आता एखादा माळढोक दिसला तरी पेपरात बातमी येते.

हे सगळं एकट्या वनखात्याच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. ऊस लावला तो आपण. साखर कारखाने काढले ते आपल्या पुढाऱ्यांनी, आणि दुष्काळी जिल्ह्यात ते इतके झाले याचा आपल्याला अभिमानही वाटतो. पण अभयारण्य ठरवताना कुठल्याही गावाला विचारलं नव्हतं हेही तितकंच खरं. मादी कुठे बसते हे रोज त्या वाटेने जाणाऱ्या मेंढक्याला माहीत होतं. त्याला राखणदार करता आलं असतं. आपण त्याला घुसखोर केलं.

पारध्यांच्या बाबतीत तर आपण याहून वाईट वागलो, आणि तो इतिहास या शहराच्या अगदी पोटात आहे. सोलापुरात सेटलमेंट हा भाग आहे, रिक्षावाल्याला सांगितलं की तो नेतो. १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारधी, कैकाडी, मांग-गारुडी अशा जमातींची माणसं इथे तारेच्या कुंपणात ठेवली होती, हजेरी लावून. गिरण्यांना स्वस्तात मजूर मिळाले. तितराचा आवाज हुबेहूब काढणारा, पायाच्या ठशावरून जनावर कधी गेलं ते सांगणारा माणूस सूतगिरणीत साच्याशी उभा राहिला. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा देशभर रद्द झाला. मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. तो यायलाच हवा होता. पण शिकारीवर जगणाऱ्या माणसाला उद्यापासून काय खायचं, याचं उत्तर त्या कायद्यात नव्हतं. आधी त्याची जात गुन्हा ठरली होती, आता त्याचं कसब गुन्हा ठरलं. आजही गावात चोरी झाली की पहिला संशय पारधी वस्तीवर जातो. अशा माणसाकडे जाऊन तुमचं पारंपरिक ज्ञान सांगा हो म्हणणं, याला थोडी लाज वाटायला हवी.

तरी वाट आहे, आणि ती विदर्भात कुणीतरी चालून दाखवलीय. अकोला-वाशीमकडे 'संवेदना' संस्थेच्या सोबतीने फासेपारध्यांनीच तणमोराच्या रक्षणाचं काम हाती घेतलं, गवताळ राखणी ठरवली. तणमोर हा माळढोकाचाच लहान भाऊबंद. ज्या हातांना फासा लावता येतो त्यांनाच पक्षी कुठे, कधी, कसा येतो हे कळतं. नान्नजला हे का नको? हंगामी रोजंदारीवर वाटाड्या म्हणून नव्हे. पगारी राखणदार म्हणून, आणि राखण कशी करायची या बैठकीत मत असलेला सदस्य म्हणून.

इथे रोमँटिक होणाऱ्यांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत, कारण त्यांच्यामुळे ही बाजू लंगडी पडते. जगातली ८० टक्के जैवविविधता मूळ रहिवाशांच्या भूमीत आहे, हा आकडा कित्येक वर्षं भाषणांत आणि अहवालांत फिरला. २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये काही संशोधकांनी, त्यात मूळ रहिवासी समाजातलेही होते, तो आकडा शोधत मागे जाऊन दाखवलं की त्याला पायाच नाही. मला हे वाचून बरं वाटलं. खोट्या आकड्यावर उभा राहिलेला मान एक दिवस कोसळतो आणि सोबत खरी गोष्टही पाडतो. धनगरही लांडग्याच्या बिळात धूर करतो, पारध्याने काळवीटही मारलंय. वाड्यावर बाई मेंढरांचं सगळं करते पण व्यवहारात तिचा शब्द शेवटी येतो. आणि वाड्यावरच्या पोराला मेंढरामागे फिरायचं नाहीये. त्याला भरतीची तयारी करायचीय, पुण्यात खोली घ्यायचीय. का घेऊ नये? ज्ञान टिकावं म्हणून त्याने उन्हात फिरावं आणि आपण पंख्याखाली बसून त्याच्यावर लेख लिहावेत, हा सौदा त्याने का स्वीकारावा? हा प्रश्न मला अवघड वाटतो. मला सुचणारं एकच उत्तर आहे: ज्या कामाला हक्क, कमाई आणि पत असते ते काम पोरं सोडत नाहीत.

मालदांडी ज्वारीचंच बघा. मोहोळच्या संशोधन केंद्रात शेतकऱ्यांच्या स्थानिक वाणांतून निवड करून मालदांडी ३५-१ पुढे आली, तीही स्वातंत्र्याच्या आधी, आणि आजही रब्बीत या वाणाची भाकरी खाणाऱ्याला दुसरी गोड लागत नाही. २०१६ मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. तेही पारंपरिक ज्ञानच की. पण त्याला कुणी लोककला समजून हार घातला नाही, त्याचं बियाणं झालं, बाजार झाला. कारण ज्वारी पिकवणाऱ्याच्या नावावर सातबारा आहे. दख्खनी मेंढी हीसुद्धा पिढ्यान् पिढ्यांच्या निवडीतूनच घडली: कमी पाण्यावर तगणारी, दिवसभर चालणारी, मुरमाड रानात पाय न मोडणारी. तिच्या मालकाच्या नावावर मात्र चराईचा एक गुंठाही नाही. ज्ञानाला किंमत जमिनीवरच्या हक्कातून येते, हे आपल्याच जिल्ह्यात दोन उदाहरणं शेजारी शेजारी ठेवून दिसतं.

सोलापुरात जन्मलेले वनाधिकारी मारुती चितमपल्ली २०२५ साली आधी पद्मश्री झाले आणि काही महिन्यांनी याच शहरात गेले. आपलं ज्ञान आपण आदिवासींकडून घेतलं हे त्यांनी कधी लपवलं नाही. सांगणाऱ्यांचं नाव मात्र कुठल्याच यादीत आलं नाही. तो दोष चितमपल्लींचा नाही, यादी करणाऱ्यांचा आहे.

नेतृत्व म्हणजे काय, हे बघायचं तर मेंढा-लेखाकडे बघावं. गडचिरोलीतल्या या गावाने देवाजी तोफांच्या पुढाकाराने 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणत जंगल राखलं, वनहक्क कायद्याखाली २००९ साली सामूहिक हक्क मिळवला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना स्वतः द्यायचा अधिकारही घेतला. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण होणार की नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ग्रामसभांवर सोपवलं. बाराच्या बारा ग्रामसभांनी नाही म्हटलं, आणि खाण झाली नाही. या दोन्ही ठिकाणी लोकांच्या हाती नाही म्हणायचा अधिकार होता. सोलापूरच्या माळावर तो कुणालाच नाही.

कायद्यात जागा आहे, हे विशेष. २००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या आणि पशुपालक समाजांचा हंगामी चराईचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. अडचण पुराव्याची. अनुसूचित जमातीत नसलेल्याला तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा वनावरचा वास आणि आधार दाखवावा लागतो. ज्याचं घरच घोडीच्या पाठीवर असतं त्याने पंचाहत्तर वर्षांपूर्वीची पावती कुठून आणावी? वनखात्याकडच्या जुन्या चराई-पासांच्या आणि दंडाच्या नोंदी हा एक पुरावा होऊ शकतो. धनगराला केलेला दंड हाच त्याच्या हक्काचा दाखला. हे काम करायला वकील लागतो, आणि चिकाटीही.

तोवर जमीन थांबत नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ पासून चालू आहे आणि त्यासाठी सरकारी जमिनी, गायराने दिली जातायत. सौर ऊर्जेला विरोध करणारा मी नव्हे. रात्री दोनला मोटर चालू करायला शेतात जाणाऱ्या माणसाला दिवसा वीज मिळावी, तो मरू नये, हे मलाही कळतं. पण पॅनेलला सूर्य लागतो, गायरानच लागतं असं नाही. गायरान सोयीचं पडतं ते एवढ्यासाठी की तिथे मोबदला मागणारा मालक नसतो. राजस्थानात जैसलमेरकडे ओरण नावाची देवाच्या नावाने राखलेली रानं याच कारणाने धोक्यात आली. तिथल्या लोकांनी भांडून शेवटी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्या रानांचे नकाशे करून त्यांना वन म्हणून संरक्षण देण्याचा आदेश मिळवला. आपल्याकडे बिरोबाच्या, म्हसोबाच्या, यमाईच्या नावाने सोडलेल्या जमिनी आहेत. त्यांची यादी कुणी केलीय?

गायरानाच्या प्रश्नाला आणखी एक पदर आहे आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिक ठरेल. गायरानावर घर बांधून राहिलेले, वीतभर तुकडा कसणारे पुष्कळदा दलित, भटके, भूमिहीन असतात. २०२२ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर अतिक्रमणाच्या नोटिसा निघाल्या तेव्हा घाबरले तेच. माळ वाचवा म्हणत त्यांच्या झोपड्यांवर बुलडोझर नेणाऱ्यांच्या रांगेत मी उभा राहणार नाही. गायरानाचे मोठे लचके झोपडीने तोडलेले नाहीत. ते गेले प्रकल्पांना, संस्थांना, इमारतींना, रीतसर ठराव करून.

आणि ठराव म्हटलं की जैवविविधता नोंदवही आठवते. २००२ च्या कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असावी आणि तिने गावाचं ज्ञान नोंदवावं असं ठरलं. बरीच वर्षं काही झालं नाही. मग हरित लवादाने जानेवारी २०२० ची मुदत घातली, नाहीतर दंड. त्यानंतर देशभर नोंदवह्या धडाधड तयार झाल्या. एका गावची नोंदवही मी उघडून पाहिली. गवताच्या पानावर 'गवत' असं लिहिलं होतं. शेजारच्या रकान्यात उपयोग: 'जनावरांना चारा'. ज्याला पंधरा गवतं नावानिशी आणि महिन्यानिशी सांगता येतात असा माणूस त्याच गावच्या शिवारात मेंढरं घेऊन उभा असेल, आणि नोंदवही तालुक्याला कंत्राटावर टाइप झाली असेल. या कामाला विद्यापीठाने हात घालायला हवा. आपल्या विद्यापीठाला २०१९ साली पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव दिलं, धनगराच्या घरात जन्मलेल्या लेकीचं. त्या नावाच्या विद्यापीठात दख्खनी मेंढी, माळावरची गवतं आणि मेंढपाळांच्या वाटा यांचा नकाशा नसेल तर तो मग कुठे असावा? २०२६ हे संयुक्त राष्ट्रांनी चराऊ रानं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष ठरवलंय. पोस्टर लागतील. नकाशा झाला तर जास्त उपयोग होईल.

दिल्ली-मुंबईची वाट न बघता एक गोष्ट मात्र गावातच करता येते. महाराष्ट्रात ग्रामसभा मुख्यतः २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरतात. दिवाळीनंतर वाडा गाव सोडतो तो पावसाच्या तोंडाशी परततो. म्हणजे जानेवारीत आणि मे महिन्यात धनगर गावात नसतो, आणि गायरान देण्याचा ठराव त्या दिवशी आला तर हात वर करणाऱ्यांत गायरान वापरणारा एकही नसतो. तेव्हा गायरानाचा, माळावरच्या लागवडीचा किंवा कुंपणाचा कोणताही विषय १५ ऑगस्टच्या सभेखेरीज घ्यायचा नाही, आदल्या दिवशीच्या महिला सभेत वाड्यावरच्या बायांपुढे तो आधी ठेवायचा, आणि त्यांचं म्हणणं इतिवृत्तात त्यांच्याच शब्दांत लिहायचं, असा साधा ठराव ग्रामपंचायतीला स्वतःच्या अधिकारात करता येतो. त्याला कुणाची मंजुरी लागत नाही. उत्तर सोलापूर, मोहोळ, मंगळवेढा, सांगोला इथल्या सरपंचांनी येत्या सभेच्या विषयपत्रिकेत तो घालावा.